चाखायला कुणी नाही

हडपसरच्या कारखान्यातल्या टाकीत मुगाचं प्रथिन कोमट पाण्यात फिरत होतं. बिलकिसनं नुकतंच त्यात एन्झाइम घातलं होतं. ते प्रथिनाचे बारीक तुकडे करतं, मग मुगाचा उग्र वास जातो. पण वेळेत थांबवलं नाही, तर तेच तुकडे कडू होतात. थांबायचं कधी, हे ठरायचं जिभेवर.

"पद्मजा, चाख."

पद्मजा वळली. "मी? आज संकष्टी. मला मूग चालत नाही. तू चाखणार ना?"

"माझा रोजा आहे."

"काल तर माझ्यासमोर डबा खाल्लास!"

"काल पाळी होती, चालत होतं. आजपासून पुन्हा सुरू."

काल बिलकिसला पाणी पिताना पाहूनच पद्मजानं या कामासाठी आजचा दिवस ठरवला होता. आणि रमजानात चाखायचं काम पद्मजाचं, असं बिलकिसनं धरलं होतं. असल्या गोष्टी कुणी कुणाला विचारत नाही.

मालक आप्पासाहेब दारात उभे होते. "माझ्याकडे बघू नका. माझी जीभ तंबाखूनं केव्हाच खाल्ली." मग आवाज उतरला. "बिलकिसबाई, उद्या सकाळी रुग्णांसाठी हे चाखून बघायला हॉस्पिटलची माणसं येतायत. या वेळीही कडू निघालं, तर टाकी सॉसवाल्याला देऊन मोकळा होतो."

ते गेले. बाटलीत एन्झाइम उरलं नव्हतं. दुसरा प्रयोग होणार नव्हता. शेवटच्या आजारात अब्बांना दूध पचेना, आणि डाळीची पावडर ते प्रत्येक वेळी थुंकून टाकत. त्यांचा पेला धुता धुता बिलकिसनं हे काम मनाशी धरलं होतं.

तिनं थेंब जिभेच्या टोकावर ठेवला आणि थुंकला. अम्मी रोज्यात सालनाच्या रश्श्याचं मीठ असंच बघायची. कडू नव्हतं, पण वास होता. आणखी थोडा वेळ जाऊ दिला. पुन्हा थेंब. आता वासही नव्हता. तिनं टाकी तापवून एन्झाइम मारलं, आणि मग तिला आठवलं. नव्या मुलींना ती स्वतःच शिकवायची: हा कडवटपणा टोकावर कळत नाही, गिळल्यावर घशाशी येतो.

"कडूपणा गाळणीतून निघून जाईल," पद्मजा घाईनं म्हणाली.

गाळणीच्या पडद्यातून पाणी आणि अगदी बारीक, कडू तुकडे जात होते, मोठे मागे राहत होते. दाबाचा काटा वर सरकत होता. बिलकिसचं लक्ष काट्यावर होतं आणि कान रस्त्यापलीकडच्या मशिदीकडे.

अजान झाली. पद्मजानं खजूर पुढे केला.

"आधी हे. गोडानं जीभ फसते," म्हणत बिलकिसनं गाळलेल्या मुगाचा पेला उचलला.

दुआ पुटपुटून बिलकिसनं घोट घेतला. सौम्य. जवळजवळ गोडसर.

"जमलं?"

तिनं हातानं थांबवलं. मग ते आलं, हळूहळू, घशाच्या तळातून.

"आहे."

"खूप?"

"अब्बांनी थुंकलं असतं."

पद्मजानं खाली बघितलं. "आणखी पाणी घालून पुन्हा गाळू. तुझी जीभ आता कामातून गेली. चंद्र दिसला की मी गिळते."

"संकष्टी मुगाच्या पाण्यावर सोडणार?"

"तू मोठी मेजवानी केलीस ना!"

बिलकिसनं खजूर तोंडात टाकला. तोही कडू लागला. दाबाचा काटा लाल खुणेला टेकला होता. पडदा आणखी किती सोसेल, सांगता येत नव्हतं. तिनं पाण्याचा नळ सोडला. बाहेर अजून उजेड होता, चंद्र उगवायला वेळ होता.