खपलेल्या तिकिटांचं नाटक

दातांच्या डॉक्टरीणबाई सेवा क्लबच्या अध्यक्ष झाल्या, त्याला कारण एवढंच की त्या बैठकीला उशिरा पोचल्या. आधी आलेल्या सगळ्यांनी हुशारीने अंग काढून घेतलं होतं. बाई दारात छत्री मिटत होत्या, तेवढ्यात टाळ्या वाजल्या आणि कुणीतरी त्यांच्या हातात पुष्पगुच्छ कोंबला.

क्लबचं काम मात्र सोन्यासारखं होतं. दरवर्षी सभासद मिळून एक विनोदी नाटक बसवायचे, तिकिटं लावायचे आणि जमलेल्या पैशांतून गरजू मुलांच्या कॉलेजची फी भरायचे. नाटक कसं व्हायचं हे विचारू नये. औषधाच्या दुकानाचे मालक कायम खलनायक असायचे आणि विमा विकणारे गृहस्थ संवाद विसरले की घाबरून पाणी प्यायचे. पण मुलं शिकत होती, हे महत्त्वाचं.

तिकिटांची एक पद्धत होती. प्रत्येक सभासदाला एक गठ्ठा मिळायचा. नाटकाच्या आधीच्या बैठकीत एकेकाने उभं राहून म्हणायचं, "खपली." मग बाकीच्यांनी बाकं वाजवायची. कुणाला खपली, हे विचारणं असभ्यपणाचं समजलं जाई. यंदाही सगळ्यांची खपली होती आणि बाकं जोरात वाजली होती.

तरी पैसे दोनच मुलांपुरते होते, आणि घोळ इथेच होता. कारण बाईंनी तिसऱ्या मुलीला शब्द देऊन ठेवला होता. ती एका वेल्डरची मुलगी. गुरांची डॉक्टर व्हायचं म्हणून इरेला पेटलेली, मार्क भरपूर आणि पैशांच्या नावाने शंख. बाई तिच्या घरी गेल्या आणि अध्यक्षपदाच्या नव्या उत्साहात बोलून बसल्या, "तू प्रवेश घे गं, फीचं मी बघते." फी भरायची शेवटची तारीख नाटकाच्या दुसऱ्या दिवशीची होती. घरी आल्यावर बाईंच्या यजमानांनी विचारलं, "बघते म्हणजे नेमकं कुठे बघणार आहेस?"

मग बाईंनी पंपाच्या कारखान्याचे मालक गाठले. माणूस तोंडाचा फटकळ, पण शब्दाचा पक्का.

"मागच्या वर्षी आलो होतो तुमच्या नाटकाला," ते म्हणाले. "रिकाम्या खुर्च्या बघूनच मला झोप लागली. मेलेल्या क्लबला मी पैसे देत नाही, बाई. सभागृह भरलेलं दाखवा. तिसऱ्या मुलीची फी मी भरतो. पहिल्या वर्षापासून शेवटच्या वर्षापर्यंत."

बाई आनंदाने जवळजवळ उड्या मारतच बाहेर पडल्या. तिकिटं तर सगळी खपलीच होती!

नाटकाच्या दिवशी सकाळी वाचनालयाच्या वरच्या सभागृहात शेवटची तालीम होती. दाराबाहेर 'सर्व तिकिटे संपली' अशी पाटी झोकात लटकत होती. बाईंच्या मनाला मात्र एक गोष्ट कुरतडत होती. त्यांच्या वाट्याचा गठ्ठा त्यांनी स्वतःच विकत घेतला होता. पेशंट खुर्चीत आ वासून बसलेला, आपल्या हातात चिमटा, आणि अशा माणसाला तिकीट घेता का विचारायचं? तो तर दरोडाच झाला. तेवढ्या खुर्च्या रिकाम्या दिसतील, ही खंत त्यांना गप्प बसू देईना. शेवटी औषधवाल्यांना त्यांनी हळूच सांगून टाकलं.

औषधवाले खलनायकाची मिशी चिकटवत होते. ती हातातच राहिली.

"तुम्हीसुद्धा?" ते म्हणाले.

"सुद्धा म्हणजे?"

"म्हणजे… माझीही दुकानातच पडलीत. खोकल्याच्या औषधांच्या मागे. आजारी माणसाला काय नाटकाचं तिकीट विकायचं? म्हटलं, बाकीच्यांनी विकलीतच की."

विमावाले मागे पाणी पीत होते, त्यांना ठसका लागला. "अहो, मला लांबून येताना बघूनच लोक रस्ता बदलतात! मी कुणाला विकणार? दरवर्षी मीच घेतो."

सगळ्यांनी क्लबातल्या वकिलीणबाईंकडे बघितलं. त्या कडक. त्यांनी पर्स उघडली आणि सगळा गठ्ठा टेबलावर ठेवला. एकही तिकीट फाडलेलं नव्हतं.

मग एकेकाने कबूल केलं. वर्षानुवर्षं हे सज्जन लोक आपापल्या खिशातून आपलीच तिकिटं घेत होते. प्रत्येकाला वाटायचं की फसवणूक करणारा मी एकटाच, बाकीचे खरे विक्रेते. नाटकाच्या दिवशी रिकाम्या खुर्च्या बघून सगळे एकमेकांना सांगायचे, आज हवा खराब आहे, लोक घराबाहेर पडले नसतील. पैसे चोख जमले होते. फक्त प्रेक्षक नव्हते.

"आणि सकाळीच दोघं तिकीट मागायला आले होते," वकिलीणबाई पडलेल्या आवाजात म्हणाल्या. "पाटी दाखवून मी त्यांना परत पाठवलं."

बाईंना हसावं की रडावं कळेना. त्यांनी दुकानातला धरून सगळ्यांचे गठ्ठे मागवून घेतले आणि पर्समध्ये भरले.

"कुठे निघालात?"

"वेल्डरकडे. मी शब्द दिलाय. तो मोडणार असेल तर मीच तोंडाने सांगायला हवं, आणि आत्ताच."

वेल्डरचं वर्कशॉप पुढे आणि घर मागे होतं. मधल्या जागेत मुलगी एका मांजराच्या पायाला पट्टी बांधत होती. तिची आजी मांजराला मानेला धरून दटावत होती. वेल्डर डोळ्यांवरची काच वर करून आत आले, मुलीची आईही हात पुसत आली. सगळ्यांसमोर बाईंनी काही न लपवता सगळं सांगितलं.

मुलीचा चेहरा उतरला. पण तिने गाठ नीट मारली, मांजर खाली सोडलं आणि मगच विचारलं, "मॅडम, आम्हाला का नाही बोलावलंत?"

"अगं, पैसे तुमच्यासाठी गोळा करायचे आणि तिकीटही तुम्हालाच विकायचं?"

"विकायचं कशाला? बोलवायचं."

वेल्डर भीत भीत म्हणाले, "रागावू नका, मॅडम. पण आजवर तुम्ही एवढी मुलं शिकवलीत, त्यातल्या एकाने तरी तुमचं नाटक बघितलंय का?"

क्लबची रीत त्यांना पाठ होती. निवड झालेल्या मुलाला एकदा ऑफिसात बोलवायचं, चेक देताना फोटो काढायचा, चहा द्यायचा आणि निरोप द्यायचा. पुन्हा बोलावलं तर मुलांना उपकाराचं ओझं वाटेल, असा त्यामागचा फार नाजूक विचार होता. मुलांना काय वाटतं, हे कुणीच विचारलं नव्हतं. बाईंना क्लबचा राग आला आणि त्याहून जास्त स्वतःचा आला.

मुलीने फोन काढला. "आमचा ग्रूप आहे. 'फोटोतली मंडळी' नाव आहे. नवीन कुणाची निवड झाली की जुनी मुलं त्याला घेतात. पुस्तकं देतात, राहायची सोय बघतात. मला निवड व्हायच्या आधीच घेतलंय."

"आणि आम्हाला माहीतच नाही?"

"तुम्ही विचारलं नाहीत."

तिने भराभर काहीतरी लिहिलं. लगेच उत्तरं येऊ लागली. खरंच बोलावलंय का? कुणी बोलावलंय? तिने फोन सरळ बाईंच्या तोंडासमोर धरला. "तुम्हीच बोला."

बाईंना भाषणाची सवय होती, पण सगळी भाषणं त्या क्षणी विसरली. "मी क्लबची अध्यक्ष बोलतेय," त्या म्हणाल्या. "आज संध्याकाळी आमचं नाटक आहे. फार चांगलं नाहीये. तरी तुम्ही या. घरच्यांना घेऊन या, शेजाऱ्यांना आणा. आम्हाला तुम्हाला बघायचंय. हे फार आधी सांगायला हवं होतं."

संध्याकाळी पडद्याच्या फटीतून बाई बघत होत्या. नाटकात त्या पोलीस इन्स्पेक्टर होत्या आणि टोपी सारखी डोळ्यांवर येत होती. सभागृहात आधी नुसत्या लोखंडी खुर्च्याच होत्या. मग एक नर्स आली, ड्यूटीवरून थेट, गणवेशातच. तिच्यामागून नवरा, सासू आणि दोन पोरं. मग वायरिंगची कामं घेणारा एक जण आला, त्याच्याबरोबर त्याची सगळी कामगार मंडळी. एक शाळामास्तर आले, एक बँकेतली मुलगी, एक बसचालक आणि त्याचं अख्खं बिऱ्हाड. जिना माणसांनी दणाणू लागला. वकिलीणबाई दारात तिकिटं फाडत होत्या. आयुष्यात पहिल्यांदाच फाडत होत्या, त्यामुळे त्यांना हात आवरेना. "पुढे सरका! मध्ये जागा सोडू नका!" त्या कोर्टातल्या आवाजात ओरडत होत्या. गठ्ठे संपले, खुर्च्या संपल्या, तरी माणसं येतच राहिली.

पडदा उघडला. विमावाल्यांनी पहिलं वाक्य टाकलं आणि समोरून हशा उसळला. इतक्या वर्षांत असं कधी झालंच नव्हतं, त्यामुळे ते दचकले, संवाद विसरले आणि पाणी पिऊ लागले. लोकांना वाटलं हे नाटकातलंच आहे. ते पुन्हा हसले. मग औषधवाल्यांच्या अंगात खलनायक जो संचारला, तो मिशी गळून पडली तरी थांबेना.

पंपवाले पहिला अंक संपता संपता आले. त्यांच्यासाठी राखून ठेवलेल्या पहिल्या रांगेतल्या खुर्चीवर वेल्डरची आई मांडी ठोकून बसली होती.

"आजी, ही यांची जागा आहे," वकिलीणबाई कुजबुजल्या.

"नाटक निम्मं झाल्यावर येतात होय कुणी?" आजी म्हणाल्या आणि हलल्या नाहीत.

पंपवाले उरलेलं सगळं नाटक भिंतीला टेकून उभे राहिले.

शेवटी टाळ्यांचा कडकडाट झाला. सगळे वाकून नमस्कार करत होते. बाई मात्र पुढे आल्या, टोपी काढली आणि हात वर केला. गप्प बसल्या असत्या तर काम झालं असतं. पण एवढं उजळलेलं सभागृह समोर असताना त्यांना ते जमेना.

"एक सांगायचंय," त्या म्हणाल्या. "आज इथे एकही तिकीट विकलं गेलेलं नाही. ती सगळी आम्हीच घेतली होती. या लोकांना आम्ही आज सकाळी बोलावलं, फुकट बोलावलं. साहेब, तुमची अट या हिशोबात बसते की नाही, ते तुम्हीच ठरवा."

औषधवाल्यांनी कपाळाला हात लावला. दारापाशी उभी असलेली वेल्डरची मुलगी आईचा हात घट्ट धरून पंपवाल्यांकडे बघत होती.

"माझी अट काय होती, बाई?"

"सभागृह भरलेलं हवं."

"मी कुठे उभा आहे?"

"भिंतीपाशी."

"का?"

बाई आजींकडे बघून म्हणाल्या, "बसायला जागा नाही म्हणून."

हशा पिकला. पंपवाले हसले नाहीत. त्यांनी मागे वळून त्या सगळ्या गर्दीवरून नजर फिरवली. "पण ही माणसं आहेत तरी कोण?"

"ही आम्ही शिकवलेली…" बाईंनी वाक्य अर्धवट सोडलं. "ही आमची मुलं आहेत, साहेब. आणि त्यांच्या घरची माणसं."

पंपवाले चष्मा पुसत म्हणाले, "मेलेला क्लब म्हणालो होतो मी. माझे शब्द मागे घेतो. तिसरी मुलगी पक्की. आणि पुढच्या वर्षी चौथी आणि पाचवीही बघून ठेवा."

पुढचं काही ऐकू आलं नाही. माणसं खुर्च्यांवर उभी राहून टाळ्या वाजवत होती. विमावाले औषधवाल्यांना मिठी मारून रडत होते. बाई मंचावर टोपी हातात घेऊन उभ्या होत्या, आणि इतका आनंद त्यांना कुठलाही पुष्पगुच्छ घेताना झाला नव्हता.

दारापाशी वेल्डरच्या बायकोला काय करावं सुचेना. शेजारी उभ्या असलेल्या अनोळखी नर्सचा दंड धरून ती म्हणाली, "ही माझी मुलगी. डॉक्टर होणार आहे."

"माहितीये," नर्स म्हणाली आणि मुलीला जवळ ओढलं. "आमचीच आहे ती."