टेकाडावर नेलेलं घर

हे १९३१ सालचं. त्या वर्षी आम्ही घर बांधलं, आणि एकदा बांधून झाल्यावर पुन्हा बांधलं.

तोवर आम्ही सौनात, म्हणजे वाफेच्या न्हाणीघरात राहत होतो. मिनेसोटाच्या उत्तरेकडल्या आमच्या फिनिश लोकांची ही रीतच होती. जमीन मिळाली की पहिल्यांदा सौना उभा करायचा. त्यातच झोपायचं, त्यातच रांधायचं, शनिवारी सगळं सामान बाहेर काढून त्यातच न्हायचं, आणि सवडीनं घर बांधायचं. आमची सवड चार वर्षं लांबली होती. आई, बाबा, आजोबा, मी आणि धाकटा ओन्नी एका खोलीत. ओन्नी झोपेत लाथा मारायचा आणि त्या आजोबांना बसायच्या.

आमचा सौना झाडांच्या आड, खोलगट जागी होता. तिथून तळं दिसत नसे, आणि तळ्यावरूनही आम्ही दिसत नसू. आदल्या हिवाळ्यात बाबा गोठलेल्या तळ्यावर, बर्फाखालची माशांची जाळी काढायला गेले आणि दुपारीच वादळ उठलं. चारला अंधार झाला तरी त्यांचा पत्ता नव्हता. आई काठावर उभी राहून पातेल्यावर पळी बडवत राहिली. हातमोजे घालून पळी नीट धरता येईना म्हणून तिनं ते काढून टाकले. बाबा त्या आवाजाच्या रोखानं आले. आईच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं त्यानंतर कायमची बधिर राहिली. बाबा बर्फावर गेले की काळजीनं ती हातात काही धरू शकत नसे, मग त्या दिवशी कप फुटायचे.

त्या उन्हाळ्यात आई खाणीच्या गावी एका खानावळीत स्वयंपाकाला गेली होती. हिवाळ्यात तोडून ठेवलेले पाइनचे ओंडके वसंतात सोलून झाले होते. ती परत यायच्या आत भिंती उभ्या करायच्या, असं बाबांच्या मनात होतं. बाबा आणि आजोबा दिवसभर कुऱ्हाडी चालवायचे. प्रत्येक ओंडका खालच्यावर बेतायचा, पोटाकडून खोबण कोरायची, टोकाला खाच पाडायची. मी ढलप्या गोळा करायची आणि ओन्नी त्या परत विस्कटायचा.

सप्टेंबरात आई आली. बाबांनी तिचं बोचकं स्वतः उचललं आणि सौना ओलांडून तिला थेट घराकडे नेलं. घर सौनाच्या मागेच होतं, त्याच खोलगट जागेत. अजून छप्पर नव्हतं, दारं-खिडक्याही कापलेल्या नव्हत्या. नुसती चार भिंतींची पेटी. पण ओंडका ओंडक्यावर असा बसला होता की मधून सुरीचं पातं जाऊ नये.

आईनं सभोवार एक फेरी मारली. भिंतीवर तळवा फिरवला.

"कसं आहे?" बाबांनी विचारलं.

"भिंती सुरेख झाल्यात."

"आणि?"

"आणि तळं कुठं गेलं, नेस्तोर?"

"तळं आहे तिथंच आहे. पण बघ, इथं वाऱ्याची झुळूकसुद्धा लागत नाही. तुझ्या बोटांसाठी मुद्दाम ही जागा धरली."

"माझ्या बोटांचं मी बघेन. मला तळ्याकडे खिडकी हवी. तू बर्फावर असशील तेव्हा तिच्यात दिवा ठेवायचाय मला. इथून काय झाडांना दाखवू दिवा?"

"मग कुठं हवं होतं?"

आईनं टेकाडाकडे बोट केलं. तिथून सगळं तळं दिसायचं, आणि तिथं गवतसुद्धा आडवं पडलेलं असायचं.

"तिथं? उत्तरेचा वारा सरळ अंथरुणात येईल. मी घर बांधतोय सायमा, झेंडा नाही रोवत."

"मागच्या वर्षी..."

"मागच्या वर्षी एकदा चुकलो. दर वर्षी चुकायचं ठरवलंय का मी?"

"एकदाच पुरे असतं," आई म्हणाली आणि बोचकं घेऊन सौनात गेली.

बाबा आजोबांकडे वळले. "तुम्ही तरी सांगा तिला."

"मी काय सांगणार? मला जागा तू दाखवलीस," आजोबा म्हणाले. "मी विचारलं होतं, सायमाला ठाऊक आहे का? तू म्हणालास, गंमत आहे. घे आता गंमत."

आठवडाभर घरात कामापुरतंच बोलणं होतं. बाबांचं चूक होतं असं मला वाटत नव्हतं, आईचं तर नव्हतंच. तिचा हात त्यांना आठवत होता आणि त्यांची चुकलेली वाट तिला.

आता आमच्याकडची एक पद्धत सांगायला हवी. भिंती पहिल्यांदा रचायच्या त्या फक्त जुळतात का ते बघायला. मग प्रत्येक ओंडक्याच्या टोकावर कुऱ्हाडीनं खूण करून सगळ्या भिंती उतरवायच्या, आणि मधे दलदलीतलं शेवाळ अंथरून पुन्हा चढवायच्या. तेव्हा कुठं घर ऊब धरतं. हे काम एकट्यादुकट्याचं नसतं, त्याला सगळी वस्ती येते. आपल्या शेतातल्या इर्जिकीसारखंच. मजुरी म्हणून पोटभर खायचं आणि कॉफी प्यायची.

म्हणजे घर उतरणार तर होतंच.

आईनं आम्हा मुलांना दलदलीत नेलं. पोती भरभरून शेवाळ उपसलं आणि ते नेऊन टेकाडावर वाळत घातलं.

"तिकडे का?" बाबांनी विचारलं.

"तिकडे ऊन चांगलं आहे."

ते खरंच होतं. मग आजोबा रोज दुपारी पहार खांद्यावर टाकून फिरायला जाऊ लागले. पहार घेऊन फिरायला जाणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. बाबा तेव्हा छपरासाठी फळ्या पाडायला रस्त्यापलीकडे असायचे.

इर्जिकीच्या रविवारी माणसं जमली. सर्वांत पुढे विल्हो, आमचा शेजारी, दाराएवढा रुंद आणि तोंडाचा सैल. भिंती भराभर उतरल्या. ओंडके गवतावर ओळीनं पडले, आणि तेवढ्यात वाऱ्याबरोबर कॉफीचा वास आला. विल्होनं नाक वर केलं.

"लेंपी, तुझ्या आईनं चूल कुठं मांडलीय?"

"टेकाडावर," मी म्हणाले. आईनं पहाटेच टेबल, कप, वेलदोड्याचे गोड पाव, सगळं तिकडे नेलं होतं.

विल्होनं टेकाडाकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं, मग पायाशी पडलेल्या ओंडक्याकडे. "काय रे नेस्तोर, कॉफी वर आणि घर खाली? प्रत्येक कपाला चढ चढायचा म्हणजे आम्ही मरायचं का?"

"घर इथंच आहे," बाबा म्हणाले.

"इथं? इथं तर मला लाकडंच दिसतायत." त्यानं ओंडक्याचं एक टोक खांद्यावर घेतलं. "धरा रे तिकडून."

हसत हसत चौघांनी धरला आणि निघाले. बाबा हातात कुऱ्हाड घेऊन तसेच उभे. दुसरा ओंडका गेला. तिसरा उचलायला माणसं वाकली, तेव्हा ते ताडताड टेकाड चढून गेले. मी मागोमाग पळाले. मला वाटलं, आता भांडण होणार, सगळ्या वस्तीसमोर.

वर पायाचे दगड बसवून तयार होते. चारी कोपरे, मधले टेकू, सगळं सरळ रेषेत. बाजूला शेवाळाचा ढीग, कोरडा आणि हलका. बाबांनी एका कोपऱ्याच्या दगडावर पाय ठेवून जोर दिला. तो हलला नाही.

"हे तुम्ही केलंत?" त्यांनी आजोबांना विचारलं.

आजोबांच्या दातांत साखरेचा खडा होता आणि बशीतून कॉफी ओढणं चाललं होतं. त्यांनी भुवया तेवढ्या उडवल्या.

आई किटली घेऊन उभी होती. कॉफी ती डाव्या हातानं ओतत होती. बाबांनी तिच्या हाताकडे पाहिलं. मग ते दगडांच्या ओळीच्या आत, जिथं पुढे आमचं स्वयंपाकघर झालं तिथं जाऊन उभे राहिले आणि खालच्या तळ्याकडे बघत राहिले. सगळं तळं दिसत होतं, जाळी लावायच्या जागेपर्यंत.

"खिडकी कुठं?" त्यांनी विचारलं.

आईनं किटली खाली ठेवली, जवळ जाऊन हवेत दोन हातांनी चौकट दाखवली. "एवढी. इथं."

बाबांनी मान हलवली. मग वळून माणसांना म्हणाले, "उत्तरेच्या भिंतीत शेवाळ दुप्पट घाला रे. दाबून भरा. हिची बोटं गारठतात."

पहिला बर्फ पडायच्या आत आम्ही राहायला गेलो. त्या घरात वारा शिरायचाच. आई दोन जोड लोकरी मोजे घालून वावरायची आणि कुणी विचारलं तर म्हणायची, "कुठं येतोय वारा?" फेब्रुवारीत पुन्हा तसंच वादळ झालं. आईनं खिडकीत दिवा ठेवला आणि समोर विणत बसली. एकही कप फुटला नाही. अंधार पडून बराच वेळ झाल्यावर दार उघडलं आणि भुवयांवर बर्फ घेऊन बाबा आत आले. मोजे सोडवत म्हणाले, "काच काळी पडलीय दिव्याची. पुसत जा जरा."

आईनं ती लगेच पुसली.

आजोबा त्यानंतर तीन हिवाळे जगले. शेवटी त्यांची खाट त्याच खिडकीशी होती. घर आपण कॉफीसाठी हलवलं, असं विल्हो जन्मभर सांगत राहिला, आणि दर वेळी त्यानं एकट्यानं उचललेले ओंडके वाढत गेले. ओन्नी युद्धावर गेला, धड परत आला, डुलुथ शहरात बस चालवू लागला. त्याची बायको सांगते, अजून झोपेत लाथा मारतो. बाबा सत्तरीपर्यंत बर्फावर जात होते आणि वारले ते उन्हाळ्यात, अंगणात, कुऱ्हाडीला धार लावताना. त्यांच्यामागे आई अकरा वर्षं राहिली. वीज आली तरी खिडकीतला दिवा संध्याकाळी लागायचाच. मी एकदा विचारलं, आता कुणासाठी? तर म्हणाली, "विल्हो अजून जातो की जाळी काढायला. डोळ्यांनी कमी दिसतं त्याला."

मी लग्न करून गेले, नवरा गेल्यावर परत आले. आता इथं मीच असते. स्वयंपाकघराच्या उत्तर कोपऱ्यातलं शेवाळ सुटलंय. तिथं मी फडकं कोंबून ठेवते आणि दोन जोड मोजे घालते. मुलं फोनवर विचारतात, तिथं गारठा किती असेल गं. कुठं आहे गारठा, मी म्हणते.