बंद शेडमधल्या कोंबड्या

थोरल्या जाऊबाई गेल्या आणि त्यांच्या दोनशे कोंबड्या धाकटीच्या गळ्यात पडल्या. जात जुनी, राखी पिसांची, अंगाने किडकिडीत. बाकीच्यांच्या कोंबड्या चाळीस दिवसांत गाडीत चढायच्या. ह्यांना भरायला सात महिने लागायचे. दिवसभर माळावर हिंडून गवत, किडे, नाकतोडे टिपायच्या आणि वर थोरलीच्या हातचं भिजवलेलं जवस.

"तिला तिचा वेळ दे गं, मग बघ चव," थोरली म्हणायची. धाकटी नुसतं हं हं करायची. हिला कोंबड्यांपुढे माणसं दिसत नाहीत, असं तिला वाटे. दोघींचं कधी फारसं जमलं नाही.

महिनाभराने नवरा म्हणाला, "अगं, सात महिने कोण ह्यांच्या नाकदुऱ्या काढणार? तयार खाद्य आणू, आत कोंडू. दोन महिन्यांत मोकळे."

तिलाही उन्हातान्हात त्यांच्यामागे धावून वीट आला होता. त्याने शेडच्या जाळीवर पत्रे ठोकले, खाली पेंढा पसरला, खाद्याची पोती रचली आणि दाराला कुलूप घातलं.

कोंबड्यांनी त्या खाद्याला चोच लावली नाही. आठ दिवस भांडी भरलेलीच. शिवाय शेडमध्ये कलकल नाही. दोनशे जीव आणि आवाज कुणाचाच नाही. पण काट्यावर घातल्या तर वजन वाढलेलं.

"चोरून खात असतील," नवरा म्हणाला.

"स्वतःचंच खाणं? आणि भांडी तर भरलेली आहेत हो!"

तो हसला. तिला हसू आलं नाही.

तिसऱ्या आठवड्यात हॉटेलचा आचारी आला. थोरलीचं जुनं गिऱ्हाईक. नमुन्याला त्याने एक कोंबडी कापली, गळ्याखालची पिशवी चिरली आणि खूश झाला. "बरं झालं, बाईंचीच पद्धत ठेवलीत."

त्याच्या तळहातावर ताजं हिरवं गवत होतं, नाकतोड्याचा पाय होता आणि भिजून फुगलेलं जवस होतं.

जवसाचा डबा धाकटीने कधीच शेजारणीला देऊन टाकला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी नवरा बाजारात गेला तशी ती शेडमध्ये शिरली, आतून कडी लावली आणि स्टूल घेऊन बसली. पत्र्यांच्या फटींतून ऊन येत होतं. कोंबड्या पेंढ्यात बसून होत्या. तास गेला. तिला वाटलं, आपण वेड्यासारखं काय बसलोय!

तेवढ्यात सगळ्या एकदम उठल्या. दाराकडे धावल्या, माना वर करून थांबल्या, मग रिकाम्या पेंढ्यात टिपायला लागल्या. टिपत होत्या, गिळत होत्या. घशाखाली घास उतरताना दिसत होता. मधे मात्र हातभर जागा मोकळी होती, तिथे एकही कोंबडी जात नव्हती. ती जागा सरकत होती. आणि सरकताना पेंढा दबत होता, एकदा खोल, एकदा उथळ.

थोरली डाव्या पायाने लंगडायची.

पेंढा दबत दबत स्टुलापर्यंत आला आणि थांबला. ओल्या जवसाचा वास आला. धाकटीने हात जोडले.

"जाऊबाई, चुकलं माझं. उद्या सोडते त्यांना. नीट सांभाळेन."

तिच्या मांडीवर काहीतरी पडलं. तिने पाहिलं तर मूठभर जवस, ओलं, आणि हातात धरून ठेवल्यासारखं कोमट.

संध्याकाळी तिने नवऱ्यापुढे ते दाणे ठेवले आणि सगळं सांगितलं. तो चिडेल असं तिला वाटलं होतं. त्याने एक दाणा चिमटीत धरून पाहिला. "वहिनी असंच भिजवायची," एवढंच म्हणाला. सकाळी त्याने स्वतः पत्रे उपटले आणि पोती दुकानात परत नेली.

पहिले काही दिवस कोंबड्या धाकटीच्या हातून खाईनात, तिच्या खांद्यामागे बघत उभ्या राहायच्या. ती वाट बघत बसायची. मग एक आली, मग चार. त्या कोंबड्या पुरे सात महिने वाढल्या. आचारी आता दुसऱ्या कुणाकडे जात नाही.

दुपारी कोंबड्या माळावर असतात, शेड रिकामी असते. झाडू घेऊन ती दाराशी थांबते. "आत येऊ का?" विचारते, थोडं थांबते, आणि मगच पाऊल टाकते.