रिपोर्टात नसलेलं दुखणं

करीमनगर-वेमुलवाडा बस एका वळणावर आली आणि म्हैस आडवी आली. ड्रायव्हर यादगिरीनं कचकन ब्रेक दाबला. मागं तिकिटं देत उभी असलेली कंडक्टर सम्मक्का भेलकांडली आणि तिचं डोकं कानाच्या वर लोखंडी दांड्यावर आदळलं. रक्त आलं नाही, टेंगूळही धड आलं नाही. घरी आल्यावर उलट्या झाल्या. काही दिवस ती खिडकी लावून पडून राहिली. मग सगळे धरून चालले, की बाई बरी झाली.

पण डोकं हलकं झालं नाही. ओला पंचा कुणी आवळून बांधावा तसा दाब सकाळपासून चढायचा. डावा कान तळ्यात बुडी मारल्यासारखा भरलेला. स्वतःचाच आवाज रांजणात बोलल्यासारखा घुमायचा, आणि हॉर्न वाजला की कानातून कळ थेट दातापर्यंत जायची. स्कॅन झाला, कानाची तपासणी झाली. सगळं नॉर्मल.

डेपोत थट्टा सुरू झाली. "सम्मक्काचं सगळं नॉर्मल आहे बरं का, एक ड्यूटी सोडून!"

घरी सासू एल्लव्वा विड्या वळता वळता टोचायची. "ताप नाही, जखम नाही. दुखणं म्हणावं तरी कशाला? आमच्या वेळी असली दुखणी परवडायची नाहीत गं."

सम्मक्का उठून आत जायची. उत्तर दिलं तर कानात तेच घुमणार. पण एकटी असली की ती आरशासमोर केस बाजूला सारून खूण शोधायची. एखादं हाड मोडलं असतं तर बरं झालं असतं, असंही तिच्या मनात येऊन जाई. कधीकधी वाटे, खरंच काही नाही की काय? मीच उगाच धरून बसलेय?

एका रविवारी यादगिरी सीताफळांची पिशवी घेऊन दारात उभा राहिला. अपघातानंतर तो तिला टाळतच होता.

"ये बाबा," एल्लव्वा म्हणाली, "बघ तुझी कंडक्टरीण. दिसते का कुठून आजारी?"

यादगिरीनं पिशवी खाली ठेवली. "अम्मा, तुम्ही नव्हता तिथं. मी होतो. इंजिन एवढं घरघरत होतं, तरी मागचा आवाज मला ऐकू आला. दगडावर नारळ आपटावा तसा. मला वाटलं, गेली बाई. मागं वळून बघायचाही धीर होईना."

एल्लव्वाचे हात थांबले. सुपातला तंबाखू तसाच राहिला.

सम्मक्का ढसाढसा रडली. आणि मध्येच डोकं धरून हसली. "रडायचीसुद्धा सोय नाही रे, यादगिरी. डोकं आणखी भरतं!"

 दुसऱ्या दिवशी एल्लव्वानं भांडी फरशीवर न आपटता फडक्यावर उपडी घातली, आणि भिंतीपलीकडून ओरडणाऱ्या शेजारणीला दटावलं, "जवळ येऊन बोल की गं! आमच्या पोरीच्या कानाला त्रास होतो."

पुढं सासू-सुनेनं मिळून दुसरी डॉक्टरीण गाठली. तिनं सगळं नीट ऐकून घेतलं. "कशामुळं होतंय ते मला सांगता येणार नाही," ती म्हणाली. "पण मार लागल्यावर असं होतं. बऱ्याच जणांचं हळूहळू उतरतं. कधी, ते मात्र विचारू नका. आणि झेपेल तेवढंच काम करा."

सम्मक्कानं अर्ज करून डेपोतल्या बसपासच्या खिडकीवर काम मागून घेतलं. गर्दी असली तरी तिथं हॉर्न नव्हता. काही दिवस दाब इतका कमी असे, की दुपारपर्यंत त्याची आठवणही होत नसे. काही दिवस पाणी पितानाही कान कुरकुरे, मग ती खिडकी शेजारच्या बाईवर सोपवून भिंतीला डोकं टेकून बसे. कोणी विचारलंच तर "बरं आहे" म्हणायचं तिनं सोडून दिलं. "आज भरलंय," एवढंच ती सांगे, आणि डोळे मिटून घेई.