मेजर नव्हे, नाईक

कुंभार पिंपळगावात फौजेतून परतलेल्या प्रत्येकाला मेजरच म्हणतात, मग तो तिथे स्वयंपाकी का असेना. धर्मराजबापूंनाही गावाने मेजर केले. "मेजर न्हाई रे, साधा नाईक," ते सांगत आणि गाव त्यांच्या विनयाचे कौतुक करी. नव्वदी ओलांडून ते गेले, तेव्हा तेराव्याच्या मंडपातल्या फ्लेक्सवरही 'मेजर'च झळकले.

श्रद्धांजलीला त्यांच्या पलटणीतले एक म्हातारे सुभेदार आले होते. ते माईकवर प्रेमाने म्हणाले, "मी नवा भरती झालो, तेव्हा हे आमचे नाईक. मेजर तर फार मोठा साहेब असतो."

मंडपात खसखस पिकली. थोरला मुलगा हरिओम तांबडालाल होऊन उठला. "बापूंनी आम्हालाबी अंधारात ठेवलं," त्याने हात जोडले.

लेक दैवशाला पुढे सरसावली. याच हरिओमच्या शिक्षणासाठी बापूंनी उतारवयात जालन्याच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, रात्रपाळीची राखण केली होती. अर्धांगाने पडलेल्या या भावंडांच्या आईला अखेरपर्यंत स्वतः न्हाऊमाखू घातले होते.

"दादा, बापू रोज खरंच सांगत होते. मला बोलू दे."

"सोयऱ्यांत बिलकुल इज्जत गेली. आता तू आनखी काय सांगती?"

तिने तरीही माईक घेतला. हरिओमने आचाऱ्याला खूण केली, पंगतीची हाक झाली आणि माणसे भराभर उठली. दैवशाला रिकाम्या सतरंज्यांपुढे बापूंविषयी बोलत राहिली.

थोड्या वेळाने हरिओम परत आला. "झालं का तुझं? चल, वाढायला बाया कमी पडून राह्यल्या."