प्लास्टरची हनुवटी

मित्रांनो, दवाखान्याच्या काचेच्या कपाटात, अगदी खालच्या फळीवर धूळ खात पडलेली मी एक जुनी प्लास्टरची हनुवटी आहे. हनुवटीला कसलं आलंय आयुष्य, असं म्हणून हसू नका. लोकांच्या हसण्यापायीच माझा जन्म झाला.

एका मुलीची हनुवटी फार पुढे आलेली होती. शाळेत तिला 'फावडं' म्हणत. पुढे पुढे तिने हसणंच सोडलं. कॉलेज संपल्यावर ती बाबांना घेऊन डॉक्टरबाईंकडे आली. बाबांची हनुवटीही तशीच. ते म्हणाले, "आमच्यात आधी हनुवटी आत येते, मागून माणूस."

डॉक्टरबाईंनी तिच्या चेहऱ्यावर मऊ लगदा थापून साचा घेतला, त्यात प्लास्टर ओतलं आणि मी झाले. हाडाला हात लावण्याआधी त्या सगळं प्लास्टरवर करून बघत.

"घासून टाका," मुलगी म्हणाली. "काही शिल्लक नको."

त्यांनी कानस चालवली. माझा भुगा टेबलावर सांडला. मी पाटीसारखी सपाट झाले.

मुलीने मला वळवून पाहिलं. "ही कोण?"

"तू मागितलेली. नुसतं घासलं की असं होतं, वर कातडी सैल पडते ती वेगळीच. इथे मी मेणाने भरून काढीन. हाडाला मेण चालत नाही, बाळा."

त्यांनी मला मेणाने भरलं, आडवं कापलं आणि खालचा तुकडा मोकळा केला. "हाड असं कापून मागे सरकवायचं, बारीक स्क्रूंनी बसवायचं. किती मागे, ते तू ठरव."

तिने बोटाने तुकडा मागे ढकलला. आणखी मागे. मग थांबली. "बाबा, बोला ना काहीतरी."

"मी काय बोलू? तुला दिली तेव्हा कुठे विचारलं होतं?" बाबा म्हणाले. "मला वाईट वाटेल म्हणून थांबू नकोस."

मग तिने तुकडा किंचित पुढे ओढला. "इथे."

डॉक्टरबाईंनी तुकडा तिथेच मेणाने चिकटवला. मग शस्त्रक्रिया झाली. सूज उतरल्यावर ती आली, मला हातात घेऊन म्हणाली, "जमलं." बाहेर बाबा अनोळखी पेशंटना तिचा फोटो दाखवत बसले होते.

पुढे घाबरलेली किती माणसं मला हातात धरून बसली. आता सगळं संगणकावर होतं. मला कुणी विचारत नाही.

मित्रांनो, तुमच्या वर्गात कुणी मान खाली घालून बसत असेल, तर त्याला नावं ठेवू नका, शेजारी जाऊन बसा. आणि मला उचलाल तर दोन्ही हातांनी उचला. माझा जोड अजून कच्चाच आहे.