जेवणाची गाडी का अडली?

मित्रांनो, मी एक जुनी जेवणगाडी आहे. पत्र्याचं अंग, तीन कप्पे आणि चार चाकं. काशीत राजा घाटाजवळच्या एका लहान रुग्णालयात, स्वयंपाकघरापासून वरच्या मजल्यापर्यंत मी आजाऱ्यांची ताटं नेते.

पूर्वी जेवण गारढोण होऊन पोचायचं. स्वयंपाकघर परिचारिकांना बोल लावायचं, परिचारिका लिफ्टला. मग स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या शरदिनीताईंनी एक सुधारणा गट केला. त्यात मला ढकलणारे दिनानाथ होते, परिचारिका कालिंदी होती. त्यांची रीत मला फार आवडली. ते चूक कुणाची हे शोधत नसत. माझ्यासोबत चालत आणि मी कुठे थांबते ते बघत. लिफ्टपाशी मी ताटकळते हे दिसलं, तेव्हा त्यांनी वरच्या मजल्यावर जाणाऱ्या मागच्या उताराची वाट धरली. मधुमेहाच्या आजाऱ्यांची ताटं सगळ्यांत आधी निघू लागली, कारण इन्सुलिन टोचल्यावर जेवणाला उशीर चालत नाही. गटाचं कौतुक झालं. माझाही फोटो निघाला.

पुढे यज्ञेश साहेब व्यवस्थापक म्हणून आले. "दर आठवड्याला प्रत्येकाची एक सूचना आलीच पाहिजे," असं त्यांनी सांगितलं. सूचना आल्या. उत्तर मात्र एकीलाही मिळालं नाही. हळूहळू लोक बैठकीत नुसता चहा पिऊन उठू लागले. माणसं तीच, खोली तीच, मग बदललं काय? मला ते कोडं उलगडेना.

एका दुपारी दूधविनायक मोहल्ल्यातले ढुंढिराज आजोबा जेवणाची वाट पाहता पाहता घामाघूम झाले. हात थरथरू लागले. इन्सुलिन टोचून झालं होतं आणि मी खालीच अडकले होते. कालिंदीने धावत जाऊन साखरेचं पाणी पाजलं, म्हणून निभावलं.

"चूक कुणाची?" साहेबांनी सगळ्यांना विचारलं.

शरदिनीताई म्हणाल्या, "असं विचारलंत तर कुणी बोलणार नाही, साहेब. उद्या गाडीबरोबर चला."

साहेब आले. माझी दांडी त्यांनीच धरली. उताराच्या वळणावर मी अडले. तिथे समारंभाच्या खुर्च्यांची थप्पी होती.

"या मीच इथे ठेवायला लावल्या," ते म्हणाले. "कालिंदी, तुम्ही सांगितलं का नाही?"

"सांगितलं होतं, सर. जवाब आला नाही. मग पुन्हा काय बोलायचं?"

साहेबांनी बाह्या सरसावल्या आणि पहिली खुर्ची उचलली.

परवा बैठकीत दिनानाथ म्हणाले, "रात्रीचं जेवण थोडं लवकर द्यावं." साहेब म्हणाले, "सध्या नाही जमणार, संध्याकाळी माणसं कमी असतात." नकारच तो. तरी दिनानाथ लगेच म्हणाले, "ठीक. मग दुसरी एक बात सांगू?"

मित्रांनो, सोबतचं कुणी काही सुचवलं तर उत्तर द्या. नकार असला तरी द्या. माणसं गप्प झाली, की आमच्यासारख्या गाड्या कुठे अडल्या आहेत, हे वरच्या मजल्यावर भुकेल्या बसलेल्या आजाऱ्यालाच आधी कळतं.